मोड

आतिमोनानला समुद्ररस्त्याच्या कडेला
मिस पर्पेतुआंची पडवी.
साडेसातला तिथे इंग्रजी शिकवतात,
तासाचे चाळीस पेसो, कॉफी फुकट.
माझं जहाज लुसेनाच्या धक्क्याला अडकलंय,
म्हणून मी शेवटच्या बाकावर, कॉफीपुरता.

आज फळ्यावर एकच शब्द: ब्रेक.
"तुमच्या भाषेत सांगा," बाई म्हणतात
आणि बोटांवरचा खडू फुंकतात.

बासाग, नेरिसा म्हणते.
काल तिच्या हातून सासूची बशी गेली,
लग्नातली, काचेची, सहांतली पाचवी.
शब्द अगदी त्या आवाजासारखा,
शेवटी फरशीवर आपटणारा.

बाली, मांग इस्को म्हणतात.
त्यांचं इंग्रजीवाचून काही अडत नाही,
घरची वीज कापलीय म्हणून
इथल्या दिव्याखाली जाळं सांधत बसतात.
बाली बांबूचं होतं. बाली हाडाचं होतं.
वादळात होडीचा डावा पंख मोडला
तेव्हा त्याच लाटेत त्यांचं मनगटही.
दोघांना एकच शब्द पुरला.
पंख नवा बसवला.

दोरी मात्र मोडत नाही, तुटते: पातिद.
आणि इंजिन? सिरा.
(माझं जहाज. मी मान हलवतो.)
आणि दिलेला शब्द?
तोही सिरा, नेरिसाच म्हणते, वहीतच बघत.
तिचा नवरा दावाओहून नाताळला येणार होता,
कुठल्या नाताळला, ते ठरलं नव्हतं.
बाई काही विचारत नाहीत. फळ्यावर लिहितात.

तिचा हेर्नान, तेरा वर्षांचा, हात वर करतो,
"मिस, अजून एक..." आणि आवाज
मधूनच पिल्लासारखा वर निसटतो.
पियोक! सगळा वर्ग ओरडतो.
बाई गंभीरपणे तोही मांडून ठेवतात.

पलीकडच्या टपरीवर एक पोरगी
पाचशेची नोट पुढे करते: पाबार्या पो.
सुट्टे द्या हो.
मी मनातल्या मनात माझी भाषा चाचपतो:
नोटेची मोड, मटकीचे मोड,
मोडलेलं लग्न, मोडून पडलेला माणूस.
आमच्याकडेही काही कमी मोडत नाही.

मग नेरिसा तिता क्रिसान्ताची गोष्ट काढते.
कुवेतमधला पहिलाच आठवडा.
दुपारी दोनला मालकीण दारातून म्हणाली,
ब्रेक.
आणि गाडीत बसून गेली.
तिता स्वयंपाकघरात धावली. पेले मोजले: चोवीस.
बशा मोजल्या, झाकणं मोजली,
टोस्टर उलटा करून हलवून पाहिला,
गुडघे टेकून फ्रीजखाली काचा शोधल्या.
चारला मालकीण परतली तर ही दारात उभी,
पगारातून कापा, बाईसाहेब, म्हणत.

पाहिंगा, एवढंच म्हणायचं होतं तिला.
बस जरा. पाय पसर.
दोन तास तिता विश्रांतीचे तुकडे शोधत होती.

कुणी हसतं, कुणी नाही.
घड्याळात नऊ होतात. बाई शेवटचं विचारतात:
"आणि दिवस? इंग्रजांचा दिवसही ब्रेक होतो."
मी पुटपुटतो, आमचंही तांबडं फुटतं.
कुणाला कळत नाही.

मांग इस्को जाळ्यातून मान वर काढत नाहीत.
रोज तीनला समुद्रावर जाणारा माणूस,
त्यांना हे वहीत शोधावं लागत नाही.
बुकांग-लिवायवाय, ते म्हणतात.
उघडतो. मोडत कशाला असेल.
आणि वाकड्या मनगटाने दोऱ्याला गाठ मारून
दातांनी तोडतात.

दातांनी तोडण्याला काय म्हणतात,
हे विचारायचं राहून गेलं.
बाईंनी दिवा मालवला होता,
आणि माझ्याकडे सुट्टे चाळीस नव्हते.